आलेलुया कुठं पुरलंय?

सेंट ब्रेंडन शाळेत आलेलुया पुरायचं काम मिस्टर एमकडं होतं. मिस्टर एम म्हणजे हेर्मिनियो मेदेइरोस, शाळेचा केअरटेकर. मिसरूड फुटायच्या वयात अझोर बेटांवरून पेल्टनला आलेला, आणि त्यानंतर पेल्टनबाहेर फारसा न गेलेला. पोरांना 'मेदेइरोस' म्हणताना जिभेला गाठ पडायची म्हणून 'एम'. शाळेच्या ऑफिसातली नोरीन त्याला 'हेर्मी' म्हणायची, कारण नोरीन कुणाचंच नाव पूर्ण म्हणत नसे. बिशपसाहेबांनासुद्धा तिनं फोनवर एकदा 'बिश' म्हटलं होतं अशी स्टाफरूममध्ये वदंता होती.

राखेच्या बुधवाराच्या आदल्या दिवशी सगळी शाळा जिममध्ये जमायची. पॅनकेक खाऊन, मेपलच्या पाकानं चिकट झालेल्या हातांनी टाळ्या पिटत पोरं शेवटचं आलेलुया, देवाच्या स्तुतीचा तो जयघोष, म्हणायची. म्हणायची कसली, छप्पर उडवायची. मग तो शब्द शिवलेला लांबलचक कापडी फलक गुंडाळून लाकडी पेटीत जायचा, पेटी मिस्टर एमच्या हातात यायची, आणि मिस्टर एम ती फावड्यासकट बाहेर घेऊन जायचा. तिथून ईस्टरपर्यंत उपवासकाळ, आनंदाचा तो शब्द बंद. चर्चमधल्या मिस्सेत नाही, गाण्यात नाही, हॉकीत गोल झाला तरी नाही. कुणाच्या तोंडून निसटलाच तर गरिबांच्या शिध्यासाठी टूना माशाचा एक डबा आणून नोरीनच्या टेबलावर ठेवायचा. नोरीन सकाळी स्पीकरवरून गात्या आवाजात सांगायची, "सुप्रभात, सेंट ब्रेंडन! आज राष्ट्रगीतानंतर प्रार्थना, प्रार्थनेनंतर हरवलेल्या हातमोज्यांची यादी, आणि चौथीच्या वर्गाकडून टूना. चौथीचा वर्ग, तुम्हाला ठाऊक आहे तुम्ही काय केलंत!"

फलक झुल्मिरानं शिवलेला. झुल्मिरा म्हणजे हेर्मिनियोची बायको. शाळेत तिचं काही काम नव्हतं, पण नवऱ्याला डबा द्यायला यायची आणि तासभर हलायची नाही. पहिला फलक कागदाचा होता, तो जमिनीत लगदा होऊन निघाला, तेव्हा ती म्हणाली होती, "देवाचा शब्द असा पुरता? माझ्या आईनं बटाटेसुद्धा यापेक्षा नीट पुरले असते." आणि मग प्रत्येक अक्षर वेगळ्या कापडाचं करून तिनं नवा शिवला. एक अक्षर स्वयंपाकघरातल्या पडद्याचं, एक मुलीच्या बाप्तिस्म्याच्या झग्याचं, एक सासूच्या चादरीचं. या हिवाळ्यात शेवटचं अक्षर उंदरानं खाल्लं. तेव्हा ती सोफ्यावर, डोक्याला रुमाल, शेजारी ओकायचं भांडं. हेर्मिनियोचा कामाचा जुना हिरवा शर्ट तिनं मागून घेतला आणि त्याचं अक्षर कापलं. खिशासकट.

"खिसा कशाला ठेवलास?" त्यानं विचारलं.

"आलेलुयाला खिसा असला तर काय बिघडलं? असू दे की."

तेच तिच्या हातचं शेवटचं शिवण.

या वर्षी पॅनकेकच्या मंगळवारी जमीन लोखंडासारखी होती. हेर्मिनियो पेटी बगलेत घेऊन गुलाबाच्या वाफ्यापाशी उभा राहिला, फावडं मारलं, ते टणकन उडून परत आलं. पुन्हा मारणार तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हॉस्पिटलचा. त्यानंतरचं त्याला बरंच आठवत होतं. फोनवरच्या नर्सचा घसा बसलेला होता. पार्किंगच्या यंत्रानं त्याचं कार्ड दोनदा बाहेर थुंकलं. झुल्मिराच्या पायांत मोजे नव्हते. फक्त पेटीचं काय केलं, ते नाही.

झुल्मिरा त्या आठवड्यात गेली नाही. पुढच्या आठवड्यात गेली. आणि ती गेली त्या दिवसापासून हेर्मिनियोच्या आत कुणीतरी मेन स्विच बंद केल्यासारखं झालं. फ्रिज चालू, घड्याळ चालू, माणूस नाही. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, राग येत नव्हता. कुणी काही म्हटलं की तो म्हणायचा, "बरं." शवपेटी ओकची घ्यायची की पाइनची? बरं. दुःखात आम्ही सहभागी आहोत. बरं. मिस्टर एम, मुलांच्या बाथरूममध्ये कुणीतरी कमोडमध्ये संत्रं टाकलंय. बरं.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी त्याची मेव्हणी दिओलिंदा फादर ओबिन्नांशी भांडली. दिओलिंदा ही झुल्मिराची थोरली बहीण. तिचा नवरा जाऊन मोप वर्षं झाली तरी काळ्या कपड्यांत, आणि आवाज असा की चर्चची घंटा नादुरुस्त झाली तर तिला वर बसवता आली असती.

"फादर, माझ्या बहिणीनं सांगून ठेवलंय. शेवटी आलेलुया गायचं."

"दिओलिंदाबाई, उपवासकाळ आहे," फादर म्हणाले. नायजेरियाहून आलेले, तरुण, प्रत्येक वाक्य हळूच टेबलावर ठेवल्यासारखं बोलणारे. "उपवासकाळात अंत्यविधीलासुद्धा ते गात नाहीत. मी गाऊ शकत नाही. माफ करा."

"म्हणजे तिनं ईस्टरनंतर मरायचं होतं का? तारीख चुकली का तिची?"

"तसं नाही, बाई…"

"चाळीस वर्षं ती तुमच्या वेदीवरची कापडं इस्त्री करत होती!"

"मला इथं येऊन दीडच वर्ष झालंय," फादर कळवळून म्हणाले, आणि मग त्यांनी हेर्मिनियोकडं पाहिलं. हेर्मिनियो म्हणाला, "बरं."

झुल्मिराला तो शब्द न म्हणताच मातीत ठेवलं. कबरस्तानातून परतताना दिओलिंदा गाडीत मागं बसली. गाडीची मागची बाजू खाली दबलेली. बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून डिकीत वाळूच्या गोण्या भरलेल्या, या गावात सगळेच भरतात. एका खड्ड्यात बूड आपटलं तशी ती कण्हली आणि म्हणाली, "भावोजी, नीट ऐका. शाळेत तुमचं ते ईस्टरचं झालं, की तिचा फलक मला आणून द्यायचा. तिच्या मातीवर पसरायचा आणि मी तो शब्द म्हणणार. फादरनं नाही म्हटला तर मी म्हणेन. तिला न म्हणता पुरलंय आपण. कळलं?"

"बरं."

"बरं नाही. कबूल करा."

"कबूल," हेर्मिनियो म्हणाला, आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा पेटीची आठवण झाली. म्हणजे पेटी आठवली. ती कुठं आहे, ते आठवलं नाही.

सुरुवातीला त्याला त्याचं काही वाटलं नाही. असेल शाळेत, जाते कुठं. बर्फ वितळायला लागल्यावर त्यानं गुलाबाचा वाफा उकरला. नव्हती. मेरीमातेच्या पुतळ्यामागं उकरलं. तिथं कुणीतरी पुरलेला एक हॅमस्टर निघाला, बुटाच्या खोक्यात, वर आईस्क्रीमच्या काडीचा क्रूस. तो त्यानं परत पुरला. बॉयलरच्या खोलीत पाहिलं, स्टेजखाली पाहिलं, नाताळच्या गोठ्याच्या खोक्यात मेंढ्यांच्या मागं हात घालून पाहिलं. गाडीची डिकी उघडली, गोण्या दिसल्या, बंद केली. शोधताना त्याला घाबरल्यासारखं व्हायला हवं होतं. होत नव्हतं. दुसऱ्याच कुणाची तरी पेटी शोधून द्यायचं काम अंगावर पडल्यासारखा तो एकेक जागा संपवत गेला.

बघता बघता ईस्टरआधीचा पवित्र आठवडा आला, आणि शाळा मंडळाचा केडन आला.

पेल्टन कॅथलिक शाळा मंडळाचं दर शुक्रवारी एक बातमीपत्र निघतं, सगळ्या पालकांच्या फोनवर जातं. कुठल्या शाळेनं किती डबे गोळा केले, कुठल्या शाळेत कोण पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणार, कोण निवृत्त झालं, बास्केटबॉलमध्ये कोण हरलं ('उत्तम खिलाडूवृत्ती दाखवली' असं लिहिलं असेल तर हरले समजायचं). ते केडन लिहायचा. केडन चोवीस-पंचवीसचा, घोट्याच्या वर संपणारी पँट, आणि बोलायचा ते बातमीपत्रासारखंच.

"मिस्टर मेदेइरोस, सर्वप्रथम, तुमच्या नुकसानीबद्दल मंडळाच्या वतीनं."

"बरं."

"आम्हाला यंदाच्या ईस्टरच्या अंकात सेंट ब्रेंडनची आलेलु… तो उपक्रम घ्यायचाय. अरे बापरे. मी म्हटलं नाही ना? अर्धंच म्हटलं."

"अर्धा डबा," नोरीन टेबलाआडून म्हणाली. "टूना. पाण्यातला आण, तेलातला नको."

"हो, हो. तर ईस्टर मंडेच्या सुट्टीनंतर मंगळवारी आम्ही कॅमेरा घेऊन येऊ. मुलं खणताहेत, पेटी निघतेय, तुमच्या पत्नीचं काम सूर्यप्रकाशात येतंय. श्रद्धेत विणलेलं एक आयुष्य. असा मथळा माझ्या डोक्यात आहे."

"शिवलेलं," हेर्मिनियो म्हणाला.

"अं?"

"तिला विणता येत नव्हतं. शिवायची."

"सुंदर. हे घेतो मी," केडन म्हणाला आणि फोनमध्ये टिपून घेतलं. प्रिन्सिपल कार्ला ब्रुनेत्ती दारात येऊन उभ्या होत्या. डोकं एका बाजूला कललेलं, दोन्ही हात छातीवर. दुःख कसं ऐकायचं याच्या कार्यशाळेला जाऊन आल्यापासून त्या दुःखी माणूस दिसला की अशाच उभ्या राहायच्या. "हेर्मी," त्या श्वासातून बोलल्या, "तुला हे नको असेल तर तुला नको असू शकतं. तुला हवं असेल तर तेही असू शकतं. मी फक्त जागा धरून ठेवतेय."

हेर्मिनियोनं मागं वळून पाहिलं, कुठली जागा. मग म्हणाला, "बरं."

केडन गेला, कार्ला गेल्या. नोरीननं चष्मा कपाळावर ढकलला.

"हेर्मी, इकडं ये. गेले चार दिवस तू शाळेभोवती चिचुंद्रीसारखा उकरत फिरतोयस. कुठं पुरलंस ते सांग."

"आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे?"

"पुरलंच नसेल. जमीन कडक होती. फोन आला."

नोरीननं चष्मा परत डोळ्यांवर आणला. मग म्हणाली, "येशू, मेरी आणि जोसेफ. तू आलेलुया हरवलंस." आणि लगेच, "हा माझा डबा. मीच आणेन. पण हेर्मी, तू तो शब्दच हरवलास रे."

"हो."

"आता काय करायचं?"

"ठाऊक नाही," तो म्हणाला, आणि खरोखरच ठाऊक नसल्यासारखा नाही, तर ठाऊक करून घ्यायची गरज नसल्यासारखा म्हणाला. तो आवाज ऐकून नोरीन तिथल्या तिथं कामाला लागली. दुपारी डॉलरच्या दुकानातून फेल्टचं कापड आलं, डिंकाची बंदूक आली, आठवीच्या पोरी आल्या. पोरींना सांगितलं, जुना आधीच काढून धुवायला दिला, तिकडं फाटला, कुणाला बोलायचं नाही. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी नवा फलक तयार: पिवळीधमक अक्षरं, जांभळी पार्श्वभूमी, कडेनं चकचकीत टिकल्या.

"बघ," नोरीन म्हणाली. "जुन्यासारखा नाही, मला कळतं. पण लांबून चालेल. पोरांची निराशा नको, आणि त्या केडनच्या कॅमेऱ्यापुढं तुझा तमाशा नको. चालेल ना?"

"बरं."

"खरं बोल, वाईट वाटतंय का?"

हेर्मिनियोनं थोडा विचार केला. "नाही," तो म्हणाला. "तीच पंचाईत आहे."

ईस्टरचा रविवार त्यानं कबरस्तानात जायचं टाळून, कॅल्गरीतल्या मुलीला फोन करून आणि दिओलिंदानं पाठवलेला गोड पाव न कापता तसाच बशीत ठेवून काढला. दिओलिंदाला त्यानं कळवलं होतं, फलकाचं शाळेचं झाल्यावर बघू. ते खोटं नव्हतं, तेवढंच त्याचं समाधान. आणि तेही काही फार मोठं समाधान नव्हतं.

मंगळवारी पहाटे त्यानं नव्या खोक्यात नवा फलक गुलाबाच्या वाफ्यात पुरला. माती आता मऊ होती. फावडं लोण्यात शिरावं तसं शिरलं. दहा वाजता सगळी शाळा वाफ्याभोवती गोळा झाली, केडननं कॅमेरा खांद्यावर घेतला, बालवर्गातल्या पोरांनी प्लास्टिकच्या खोऱ्यांनी माती उडवली, बरीचशी एकमेकांच्या टोप्यांत. खोकं निघालं. फलक उलगडला. पोरांनी अख्खा उपवासकाळ घशात दाबून ठेवलेला तो शब्द असा सोडला की पलीकडच्या टायरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन उभा राहिला. फादर ओबिन्नांनी पाणी शिंपडलं. कार्ला रडल्या.

हेर्मिनियो फावड्याला रेलून उभा होता. त्याचे ओठ मिटलेले होते.

केडननं माईक पुढं केला. "मिस्टर मेदेइरोस, हे तुमच्या पत्नीनं शिवलेलं. आज ते पुन्हा उजेडात. काय वाटतं?"

हेर्मिनियोनं पिवळ्याधमक अक्षरांकडं पाहिलं. नोरीननं मान खाली घातली.

"बरं," तो म्हणाला.

शुक्रवारी बातमीपत्र निघालं. सगळ्यात वर फोटो: टिकल्या चमकताहेत, पोरांची तोंडं उघडी, कडेला हेर्मिनियोचं अर्धं कोपर. खाली ओळ: 'दिवंगत झुल्मिरा मेदेइरोस यांच्या हातचा फलक. त्यांचे पती म्हणतात, आता बरं वाटतं.' त्याखाली, पिझ्झा लंचची तारीख बदलल्याची सूचना.

दुपार व्हायच्या आत दिओलिंदा दारात. एका हातात नातवाचा फोन, दुसऱ्या हातात जिरेनियमच्या दोन कुंड्या. कबरस्तानाला निघालेली, वाटेत हे बघितलेलं.

"हे काय आहे?"

"शाळेचं…"

"हा डिंक आहे! हे बघा, अक्षराच्या कडेनं बाहेर आलाय, शेंबडासारखा! माझ्या बहिणीनं जन्मात कधी डिंक लावला नाही, भावोजी. ती मोज्याला भोक पडलं तर उलटसुलट दोन टाके घालायची. आणि या टिकल्या! ही काय सर्कस आहे? तिचं नाव घालून?"

"मी बोललो नाही तसं."

"मग काय बोललात?"

"बरं म्हटलं."

दिओलिंदानं कुंड्या खाली ठेवल्या. भांडायला हात मोकळे केले असं त्याला वाटलं, पण ती नुसतीच पायरीवर बसली. काळा स्कर्ट गुडघ्यांवर नीट ओढून घेतला.

"तिचा कुठाय?"

"हरवला," हेर्मिनियो म्हणाला. "पॅनकेकच्या मंगळवारी फोन आला तेव्हा माझ्या हातात होता. त्यानंतर नाही. सगळीकडं बघितलं. हरवला, दिओलिंदा. मी हरवला."

रस्त्यावरून पाववाल्याची गाडी गेली. 

"तिनं तुम्हाला शिव्या घातल्या असत्या," दिओलिंदा म्हणाली.

"हो."

"मीही घालणार आहे. पण आत्ता नाही, ही फुलं सुकतील. चला, कबरस्तानात सोडा मला. तुम्हीही चला. ईस्टरला आला नाहीत, ते मला ठाऊक आहे. मी तिथं होते."

ती गाडीपाशी गेली आणि मागच्या चाकांकडं पाहून तिला जिवात जीव आल्यासारखा आवाज फुटला. "एप्रिल संपत आला तरी गोण्या तशाच! गाभण गाईसारखी बसलीये गाडी! बर्फ आता कुठला, देवाच्या टाळूवरचा? कुंड्या कुठं ठेवू मी, मांडीवर? उघडा, काढा ती घाण बाहेर."

"बरं."

त्यानं डिकी उघडली. एकेक गोणी उचलून कुंपणाला टेकवली. हॉस्पिटलच्या फेऱ्यांच्या दिवसांत बर्फ पडत होता, दर दोन दिवसांनी तो पेट्रोलपंपावर थांबून एखादी गोणी वर टाकत होता. वाळू, मिठाचे खडे, जे मिळेल ते. आता सगळ्यात खालची मिठाची गोणी उचलली तर ती बुडाला फाटलेली, ओली, आणि तिच्याखाली लाकडी पेटी.

दोघंही तिच्याकडं पाहत राहिली.

ती पेटी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये होती. शवपेटी ठरवायला गेला तेव्हा होती. कबरस्तानातून परतताना दिओलिंदा तिच्या वीतभर पुढं बसून तिच्याचबद्दल बोलत होती. शाळेत रोज सकाळी तो ती घेऊन जात होता, दिवसभर शोधत होता, आणि संध्याकाळी परत घरी आणत होता.

दिओलिंदानं छातीवर क्रूस काढला. "उघडू नका," ती म्हणाली. "इथं नाही. तिच्यापाशी."

कुंड्या शेवटी मांडीवरच ठेवून ती पुढं बसली. गाडी हलकी झाली होती, रस्त्यावर उडत होती. 

झुल्मिराच्या कबरीवर अजून दगड लागलेला नव्हता. नुसती माती, थोडी खचलेली. हेर्मिनियोनं पेटी उघडली. मिठाचं पाणी आत झिरपलं होतं. फलक पुठ्ठ्यासारखा ताठ, पडद्याचा रंग चादरीत उतरलेला, बाप्तिस्म्याच्या झग्यावर पांढऱ्या लाटा उठलेल्या. त्यानं तो मातीवर पसरला. गावाबाहेरच्या सरोवरावरून येणारा वारा कडा उचलायला लागला, तेव्हा एका टोकाला त्यानं गुडघा टेकला, दुसऱ्या टोकावर दिओलिंदानं कुंड्या ठेवल्या.

मग ती उभी राहिली आणि तिनं तो शब्द म्हटला. गायला नाही, गल्लीतून पोराला घरी बोलवावं तसा ओरडली. पलीकडच्या रांगेत फुलं बदलणारी एक म्हातारी दचकून वळली.

"आता तुम्ही."

"तू म्हटलंस ना."

"मी बहीण. तुम्ही नवरा."

हेर्मिनियोनं तोंड उघडलं. शब्द त्याला ठाऊक होता, आत कुठंतरी आहे हेही ठाऊक होतं. तो वाट पाहत राहिला. आला नाही. त्याच्या गुडघ्याशी हिरव्या शर्टाचं अक्षर होतं, खिसा फुगलेला. त्यानं दोन बोटं आत घातली. मीठ होतं, खड्यांचं, भरगच्च. त्यानं ते चिमटीनं काढलं आणि गवतावर टाकलं. पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं, खिशाच्या कोपऱ्यातल्या शिवणीत अडकलेले खडे नखानं काढले. तिथं टाके इतके बारीक होते की नखाला लागत होते. उलटसुलट, दोन-दोन.

"भावोजी," दिओलिंदा म्हणाली, या वेळी खालच्या पट्टीत. "राहू द्या. मी घरी नेते, चांगल्या गरम पाण्यात घालते, निघेल सगळं."

"गरम नाही," हेर्मिनियो म्हणाला.

"काय?"

"गरम पाण्यात नाही घालायचं. रंग जाईल. थंडात भिजवायचं, रात्रभर. पिळायचं नाही. ती मला दर वेळी…" आणि तिथं त्याचा आवाज मध्येच सापडेनासा झाला. त्यानं खिशावर तळहात दाबून धरला, छातीवर शर्ट असताना दाबतात तसा, आणि तसाच बसून राहिला.

दिओलिंदानं त्याला काही म्हणायला लावलं नाही. ती वाकली, तिच्या बाजूचं टोक उचललं आणि म्हणाली, "धरा तुमचं. घडी घालू या."